खालच्या दोन खुंट्या

तुडूम उघडायला पाच माणसं पाळीवरून चालत आली, तेव्हा मी गळ्याइतक्या पाण्यात उभी होते. पाचांतला शेवटचा माझा नवरा होता.

तुडूम म्हणजे बोडीचं, गावतळ्याचं, पाणी शेतात सोडायचं दार. आमच्या पाथरटोल्याच्या बोडीचं तुडूम जुनं, दगडी. पाळीला, म्हणजे तळ्याच्या बांधाला, लागून पाण्यात एक पोकळ खांब, आणि खांबात एकाखाली एक अशा पाच लाकडी खुंट्या ठोकलेल्या. वरची खुंटी काढली की वरचं पाणी निघून जायचं. ते उतरलं की दुसरी काढायची, मग तिसरी. पाचवी काढली की बोडीत नुसता चिखल उरायचा. मी खांबाला पाठ टेकून उभी होते. खालच्या दोन खुंट्या माझ्या पायांमागे होत्या. माझ्याशी झटापट केल्याशिवाय कुणाचा हात तिथे पोचला नसता.

पुढे मुखरू पाटील होते. गावात सगळ्यात जास्त धान त्यांचं, आणि तेव्हा सरपंचही तेच होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. चढवायची गरजच पडायची नाही.

"सायत्रा," ते म्हणाले, "बाहेर निघ. पानी सोडाचं आहे."

"सोडा ना पाटील. कोन नाई म्हणते? वरच्या तीन खुंट्या काढा."

"पाचही काढाच्या आहेत. काल सभेत ठरलं."

"सभेत ठरलं असन. बोडीत नाई ठरलं."

मागच्या दोघांना हसू आलं. पाटलांनी वळून पाहिलं तसे ते गप्प झाले. माझा नवरा हिवराज हातातल्या लोखंडी सब्बलीकडे बघत होता. आदल्या दिवशी सभेत पाचही खुंट्या काढायच्या ठरल्या, तेव्हा त्यानेही हात वर केला होता. सकाळी चहा पिताना त्याने मला ते सांगितलं. मी कप खाली ठेवला आणि तशीच बोडीवर आले.

"हे बघ," पाटील म्हणाले, "मासे तुमचे आहेत. मी कधी नाई म्हटलं का? ठराव करून दिला तुमाले. पन पानी गावाचं आहे."

"मग मासे का हवेत पोहतीन पाटील?"

या वेळी कुणी हसलं नाही.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी ढिवराची पोर. वैनगंगेच्या काठावरच्या गावात, जाळं विणणाऱ्या घरात वाढले. लग्न होऊन पाथरटोल्याला आले तेव्हा इथे नदी नव्हती, नाला होता तोही दिवाळीनंतर आटणारा. पावसावरचं धान, आणि गावाला लागून तीन एकरांची ही बोडी. बोडीत बेशरमाची झुडपं इतकी माजली होती की पलीकडची म्हैस दिसायची नाही. माशांचं म्हणाल तर मरळ आणि चार-दोन वाम. उन्हाळ्यात चिखल झाला की पोरं हातानं धरायची.

तालुक्याहून एक मत्स्यअधिकारी आले होते. पंचायतीच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की आठ महिने पाणी टिकत असेल तर अशा बोडीत रोहू, कटला वाढतात. पुरुष उठून गेले. मी बसून राहिले. माझ्या शेजारी दसोदाबुडी बसली होती. तिला जायला दुसरीकडे कुठे नव्हतंच.

दसोदाबुडी साठीची असेल. नवरा नाही, मूल नाही, वीतभर जमीन नाही. लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी करायची, निंदायची, कापायची आणि वर्ष काढायची. अधिकारी गेल्यावर ती मला म्हणाली, "सायत्रा, त्या मान्साले मासा मालूम नाई. तुले मालूम आहे. बोल का कराचं."

आम्ही अकरा बायका झालो. त्यातल्या सहा जणींना जमीन नव्हती. पंचायतीने बोडी आम्हाला तीन वर्षं दिली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. दोन महिने आम्ही बेशरम उपटला. त्याच्या चिकाने हातांना फोड आले. मरळ वेचून काढल्या, कारण मरळ राहिली तर पिल्लं गिळते. चुना टाकला, शेण टाकलं. श्रावणात बोटुकली आली, बोटाएवढी पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून. गाडीवाला घाई करत होता. पिशव्या फोडून पिल्लं एकदम पाण्यात ओतायला निघाला. मी त्याचा हात धरला. पिशव्या बांधलेल्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं पाणी आणि बोडीचं पाणी सारखं गार होईपर्यंत. मग एकेक तोंड सोडलं. पिल्लं आपणहून बाहेर गेली. दसोदाबुडी गुडघाभर पाण्यात वाकून पाहत होती. "सासरी चालल्या," ती म्हणाली.

रोज सकाळी कोंडा आणि ढेप भिजवून, गोळे करून टाकायचे. पाळी ठरवून दिली होती, पण दसोदाबुडी रोजच यायची. आश्विनापर्यंत मासा वीतभर झाला. गोळा पडला की पाणी उकळल्यासारखं व्हायचं.

आणि त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान पोटरीत आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. अशा वेळी एक पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, नुसता पोचट राहतो. पाटलांचं धान, आमचं धान, सगळ्यांचंच. माणसं आभाळाकडे बघायची आणि मग बोडीकडे. आम्हाला ते दिसत नव्हतं असं नाही.

तर पाटील पाळीवर उभे, मी पाण्यात.

"तीन खुंट्या काढा," मी परत म्हटलं. "इतकं पानी तीस एकरांले एक डाव पुरते. खालच्या दोन राहू द्या."

"आनी नाई पुरलं तं?"

"शेवटच्या दोन-चार बांध्या राहतीन. बाकी सारं भिजते."

हे ऐकून हिवराजने मान वर केली. शेवटच्या बांध्यांत आमची बांधी होती. पाट सगळ्यांच्या धुऱ्यांवरून फिरून आमच्या शेतात येऊन संपायचा. माझ्या तोंडून काय निघालं ते त्याला तिथल्या सगळ्यांच्या आधी कळलं.

पाटलांनी थोडा विचार केला. "बरं," ते म्हणाले. "काढा रे तीन. पानी उतरून राहिलं तोवर हे पन थकन. मंग पाहू."

त्यांनी मांडी पाण्यात न भिजवता वरूनच पहिली खुंटी सब्बलीने हलवली. खुंटी निघाली आणि पाणी खांबात घुसलं. आवाज असा झाला जसा मोठा घसा गुळण्या करतोय. माझ्या पाठीला ओढ लागली. मी दोन्ही हात मागे नेऊन दगड धरला.

बाकीच्या बायका दुपारी आल्या. आधी कुंता आली, आमच्यातली सगळ्यात लहान, वर्षभरापूर्वी लग्न झालेली. डोळे रडून लाल. "घरून सोडत नव्हते," ती म्हणाली. "मंग?" मी विचारलं. "मंग मागच्या दारानं आली." दुसऱ्या तिघी-चौघी पाळीच्या टोकाला बाभळीखाली उभ्या राहिल्या, जवळ येईनात. त्यांच्या घरी धान होतं. त्यांना मी काही म्हणाले नाही.

दसोदाबुडी मात्र सरळ पाण्यात उतरली. "तू जा, भाकर खा," ती म्हणाली. "मी उभी राहतो इथं." ती नेहमी पुरुषासारखी 'राहतो, जातो' बोलायची. तिच्या गावाकडे तसंच बोलत. पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. ती टाचा उंच करून उभी राहिली.

आम्ही आळीपाळीने उभ्या राहिलो. संध्याकाळ झाली, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी माझ्या कंबरेवर आलं. वरच्या बांध्या भिजल्या होत्या. पाटलांच्या धानात पाणी पसरलेलं पाळीवरून दिसत होतं, त्यावर बगळे उतरले होते. कडेची जमीन उघडी पडून बोडी निम्मी झाली होती. मासे मधल्या खोलगटात गोळा झाले होते. त्यांच्या पाठी कधी कधी वर यायच्या.

दोनच्या सुमाराला पाटील परत आले. या वेळी त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं होती.

"चौथी काढा," ते म्हणाले.

कुणी पुढे झालं नाही. आम्ही सात बायका खांबाभोवती होतो, कंबरभर पाण्यात, लुगडी अंगाला चिकटलेली. परक्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार? पाटलांनाही ते कळत होतं.

"पाटील," दसोदाबुडी बोलली, "एक इचारू का?"

"इचार."

"पानी गावाचं आहे म्हणता. मी गावात येतो का नाई?"

"तू काहून नाई येत? गावातलीच आहेस."

"मंग माह्या वाटचं पानी कोन्या बांधीत गेलं? मले दाखवा. मी पाहून येतो."

पाटील पाळीवरून भिजलेल्या बांध्यांकडे बघायला लागले.

"माही बांधी नाई," ती म्हणाली. "माह्या वाटचं पानी इथंच आहे. या दोन खुंट्याच्या मागं. ते मी नाई देत."

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण पाळीवरच्या गर्दीत मागे उभी असलेली दोन माणसं, दोघंही मजूर, एकमेकांकडे बघून खाली बसली. मला अजून आठवतं, त्यातल्या एकाने बिडी पेटवली, म्हणजे आता हा काही करणार नाही हे कळलं.

पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वळून हाक मारली, "हिवराज!"

हिवराज पुढे आला.

"तुही बायको आहे. तिनंच हे सारं चालवलं. काढ तिले बाहेर. ती निघाली की बाकीच्या निघतात."

हिवराजने चपला काढल्या. धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला. मी त्याला येताना बघत होते. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्याने मला कधी मारलं नव्हतं. कधी मोठ्याने बोललाही नव्हता. तो साधा माणूस होता, चार जण जिकडे जातील तिकडे जाणारा. पाणी कापत तो माझ्यापुढे हातभर अंतरावर येऊन थांबला. दसोदाबुडी आणि कुंता बाजूला सरकल्या, नवरा-बायकोमध्ये नको म्हणून.

"चाल घरी," तो हळू आवाजात म्हणाला.

"नाई येत."

"आपलीच बांधी सुकी राहिली ना सायत्रा. सारे भिजले. आपलंच धान मरून राहिलं. चौथी काढली तं पोचते पानी आपल्यापावतर."

"मालूम आहे मले."

"मंग? मालूम असून? दोन पोरं आहेत घरी. का खाऊ घालशीन त्याहिले?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. एक गोष्ट मी दोन दिवस कुणाला बोलले नव्हते. कुंतालाही नाही.

"परवा सांजच्याले सभा होती," मी म्हटलं. "मी आली होती. आठवते?"

त्याने मागे वळून पाळीकडे पाहिलं.

"पंचायतीच्या दारात तुमी उभे होते. मी म्हटलं, मले आत जाऊ द्या, सांगाचं आहे. तुमी का म्हटलं?"

"सायत्रा, लोक आयकून राहिले."

"आयकू द्या. तुमी म्हटलं, बायकांचं काम नाई, घरी जा. मी गेली. मी का सांगाले आली होती ते इचारलं का तुमी?"

"नाई इचारलं."

"त्याच दुपारी आमी अकराही जनी दसोदाबुडीच्या आंगनात बसलो होतो. आमी ठरवलं, धान मरून राहिलं, तीन खुंट्याचं पानी गावाले देऊ. मासा थोडा कमी वाढन, वाढू द्या कमी. आपनच जाऊन सांगू, कोनी मागाच्या आधी. तेच सांगाले मी आली होती. वरून मी माह्या मनात ठरवलं होतं, शेवटच्या बांधीले पानी नाई पोचलं तं ते आमचं नुसकान, मी बोलनार नाई."

खांबातून पाणी आता थेंबाथेंबाने जात होतं, तेवढाच आवाज.

"आमी देत होतो," मी म्हटलं. "तुमाले आत जाऊन हात वर कराले वेळ होता. मले इचाराले नव्हता. आता देते म्हणाची पाळी गेली. आता चौथी खुंटी पाहिजे असन तं मले ओढा. लावा हात."

हिवराज उभा राहिला. त्याचे हात पाण्याखाली होते, मला दिसत नव्हते. मी वाट बघत होते. खरं सांगते, त्याने हात लावला असता तर मी त्याला चावले असते, आणि त्यानंतर त्या घरात परत गेले नसते. एवढं माझं पक्कं झालं होतं.

तो वळला. पाणी कापत पाळीवर गेला. चपला हातात घेतल्या.

"का झालं?" पाटलांनी विचारलं.

"नाई येत थे."

"ओढ मंग!"

"माह्यानं नाई होत पाटील," हिवराज म्हणाला आणि गावाकडे चालायला लागला. कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

पाटील तेव्हा स्वतः उतरले. साठीचा माणूस, पांढरंशुभ्र धोतर. दोन पावलं आत आले, गुडघ्यापर्यंत भिजले. तेवढ्यात बाभळीखालून त्या चौघी आल्या, ज्यांच्या घरी धान होतं. त्या धावल्या नाहीत, बाजारात चालाव्या तशा चालत आल्या आणि पाण्यात शिरून आमच्यापुढे उभ्या राहिल्या. आता आम्ही अकराही होतो. पाटील थांबले. गुडघाभर पाण्यात एक माणूस आणि समोर अकरा बायका. पाळीवरून सारा गाव बघत होता.

"धान मेलं," ते म्हणाले, "तं मी गावात सांगन, कोनामुळं मेलं. नाव घेईन."

"घ्या ना," मी म्हटलं. "सायत्रा हिवराज मारबते. लिहून घ्या पाटील, इसराल."

"माहं पन लिहा," कुंता म्हणाली.

ते मागे वळले. ओल्या धोतराने पाळ चढताना त्यांचा पाय घसरला, एकाने हात दिला. गर्दी पांगली. खालच्या दोन खुंट्या जागेवर राहिल्या.

आम्हाला वाटलं, जिंकलं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे दसोदाबुडी दारात येऊन ओरडली, "सायत्रा, मासे मरून राहिले!"

धावत गेले. उजाडत होतं. बोडीभर मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होते. हजारो तोंडं, उघडझाप करणारी. कमी पाण्यात एवढा मासा मावत नव्हता, पाण्यातली हवा संपत आली होती. चार-पाच आडवे होऊन पांढरे तरंगत होते. माझा बाप असं झालं की होडीत उभा राहून पाणी बडवायचा. यंत्र आमच्याकडे कुठलं? मी ओरडले, बांबू आणा, सूप आणा, पाटी आणा, जे असेल ते आणा, पाणी हलतं ठेवा.

अकरा बायका बोडीत शिरलो आणि पाणी बडवायला लागलो. पाट्यांनी उचलून वरून ओतायचं, बांबूंनी झोडायचं. ऊन वर आलं, खांदे भरून आले, कुंताच्या तळहाताची साल निघाली, पण कुणी थांबलं नाही. थांबलं की लगेच तोंडं वर यायची. पाळीवर माणसं जमली, बघत उभी राहिली. मग कुणीतरी शेजारी येऊन माझ्या हातातला बांबू घेतला. हिवराज होता. मी पाटी उचलली. तो झोडत राहिला. दुपारपर्यंत आणखी तिघं पुरुष उतरले, त्यात पाळीवर बिडी पेटवणारा तो मजूरही होता. पाच दिवस सकाळी आम्ही असंच केलं. कोंडा टाकणं बंद केलं, मासा विरळ करायला थोडा काढून विकला. शंभरेक मेले असतील. बाकीचे तगले.

धानाचं काय झालं तेही सांगायला हवं. वरच्या बांध्या पिकल्या. पाटलांचं धान चांगलं झालं. शेवटच्या चार बांध्यांत अर्धा दाणा पोचट निघाला, आणि त्यातली एक आमची होती. मळणीला हिवराज सूप धरून उभा होता, वारा कोंडा उडवून नेत होता आणि खाली पडणारा ढीग काही वाढत नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सूप त्याच्या हातून घेतलं आणि उरलेलं मी उडवलं.

पाटलांनी त्या साली आम्हा अकराजणींपैकी कुणालाच कापणीला बोलावलं नाही. त्यांचं बघून दुसऱ्या दोघा-तिघांनीही नाही. दसोदाबुडीला ते सगळ्यात जड गेलं. कापणीची मजुरी म्हणजे तिचं चार महिन्यांचं धान. मी एकदा तिला म्हटलं, "माय, मी तुले यात ओढलं." ती भडकली. "तू कोन ओढनारी? मी माह्या पायानं उतरलो पान्यात!" आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माघात जाळं लावलं. मासा किलोला आला नव्हता, पाऊण किलोचा होता. पण होता. पहिली पाटी दसोदाबुडीच्या डोक्यावर दिली. ती बाजारात जाऊन बसली आणि दुपारच्या आत मोकळी पाटी घेऊन आली. तिच्या भावांच्या बायका, ज्या तिला सणाला बोलवत नव्हत्या, त्या तिच्याकडून मासा घेऊन गेल्या. "तोलून देल्ला," ती म्हणाली, "एक तुकडा वरतं नाई देल्ला." आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

लोक आता येतात, गटाच्या बायकांना घेऊन येतात, बोडी दाखवायला. एखादी शिकलेली पोरगी मला विचारते, मावशी, तुम्ही मासे वाचवण्यासाठी उभ्या राहिल्या ना? मी हो म्हणते. पोरींना लवकर जायचं असतं. पण माशासाठी मी स्वतःची बांधी सुकू दिली नसती. मासा परत सोडता येतो.

पुढच्या आश्विनातही पाऊस ओढून धरला. एवढा नाही, पण धान माना टाकायला लागलं होतं. एक दिवस सकाळी आम्ही बोडीत होतो, जाळं ओढून मासा किती वाढला ते बघत होतो. पंचायतीचा कोतवाल पाळीवर आला. चपला काढून, हात मागे बांधून उभा राहिला.

"सायत्राबाई, सरपंचांनी बोलावलं आहे. सांजच्याले सभा आहे. पानी किती सोडाचं ते ठरवाचं आहे. तुमी अकराही जनी या म्हणे."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दसोदाबुडीच्या हातात जाळ्याचं टोक होतं, तिने ते सोडलं नाही.

मी म्हटलं, "सरपंचाले सांग, सभा इथं पाळीवर घ्या. आमचा पाय पान्यात आहे, आमी वर येत नाई."

कोतवाल घुटमळला. "असंच सांगू?"

"असंच सांग."

तो गेला. आम्ही जाळं ओढायला लागलो. संध्याकाळी चार वाजता मुखरू पाटील दोन माणसांच्या डोक्यावर सतरंजी देऊन पाळीवर आले.

"कुठं टाकू?" त्यांनी विचारलं.

मी जागा दाखवली.